लॅपटॉप नको म्हणाल्या, बरं झालं

पत्र असं आहे :

"आम्ही चौदा जण. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून रिटायर झालेलो. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी भेटतो. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की प्रत्येकी महिना हजार रुपये काढायचे आणि चांगल्या संस्थांना मदत करायची. पैसे आमच्यातल्या एकाच्या बचत खात्यात जमतात. पेठ तालुक्यात मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला पाच लॅपटॉप दिले, वह्या दिल्या, मासिक आढाव्याचा एक फॉरमॅटही बनवून दिला. तो एकदाही भरून आला नाही. परवा आणखी लॅपटॉप देतो म्हणालो, तर तिथल्या ताई म्हणाल्या, 'लॅपटॉप नकोत, जीपच्या डिझेलला आणि हिशेबनिसाच्या पगाराला काही देता आलं तर बघा.' यावरून ग्रुपमध्ये बरंच वाजलं. दानाच्या पैशातून पगार? काही जण म्हणतात, आपलाच ट्रस्ट काढू. एकाचा मुलगा अमेरिकेतून पैसे पाठवायला तयार आहे. शिल्लक १ लाख ६० हजार आहे. ग्रुपही पूर्वीसारखा राहिला नाही, दोघे ऑपरेटर होते ते ट्रॅकवर येतात पण चहाला थांबत नाहीत. पुढे काय करावं?"

– एक निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजर, गंगापूर रोड

काका, नमस्कार.

आधी ताईंना डिझेलचे पैसे देऊन टाका. बाकीचं त्यानंतर बोलू.

पेठ तालुक्यात काम करायचं म्हणजे गाव एकीकडे आणि त्याचे पाडे चार दिशांना. एसटी गावापर्यंत सोडते, तीही तिच्या वेळेला. पुढे पायी, नाहीतर जीप. पावसाळ्यात सावळघाटात धुकं उतरलं आणि ओढे फुगले की दोन पाडे गाठण्यातच दिवस जातो. त्या संस्थेचं मुख्य मशीन म्हणजे ती जीप. ती उभी राहिली की लाइन बंद. हे मी प्रॉडक्शन मॅनेजरला सांगायचं म्हणजे जरा अतिच झालं, पण पगारावरून वाजलं असं तुम्हीच लिहिलंय म्हणून विचारते : सातपूरला असताना ऑपरेटर न नेमता कधी मशीन मागवलं होतं का? तुमच्या पाच लॅपटॉपना वीज लागते, कुलपाचं कपाट लागतं, मुलांना शिकवणारा आणि रात्री ते मोजून ठेवणारा माणूस लागतो. तो माणूस कुणाच्या पगारावर आहे, हे देताना विचारलं होतंत का?

संस्थांच्या हिशेबाची कामं मी बरीच वर्षं केली आहेत. त्यावरून सांगते, पगाराला पैसे मागणं हे कुठल्याही संस्थाचालकाला सगळ्यात जड जातं. लॅपटॉपला देणगीदार मिळतो, कारण लॅपटॉपवर नाव चिकटवता येतं. डिझेलवर चिकटवता येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरचे, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर खर्च करायचे, पैसे येतात ते बहुतेक वेळा एखाद्या प्रकल्पाला बांधलेले असतात : इतक्या शाळा, इतकी मुलं, इतकी शौचालयं. त्यात हिशेबनीस बसत नाही. 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत' ही अट तर सगळ्यांच्या तोंडी असते. कंपनी कायद्याच्या नियमांत ती मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवायला किती खर्च करावा याची आहे. संस्थेच्या हिशेबनिसावर ती कुणी घातलेली नाही. तरी व्यवहारात त्याच्याच डोक्यावर बसते.

तुम्हा चौदा जणांना बोर्डापुढे प्रेझेंटेशन द्यायचं नाही. वार्षिक अहवालात फोटो छापायचा नाही. म्हणजे ज्या खर्चाला कुणीच हात लावत नाही, तो तुम्ही उचलू शकता. लहान देणगीची ताकद असलीच तर ती इथे आहे, आणि ताईंनी ती तुमच्याकडे सरळ मागितली. असं सरळ मागणं सहसा होत नाही. देणगीदार दुखावेल म्हणून संस्था नको असलेली वस्तूही हसून घेतात. कुठल्याही जुन्या संस्थेचं सामानघर उघडायला लावा : बटणं तुटलेल्या शर्टांची पोती, एका बाजूला छापलेल्या कागदांचे गठ्ठे, कार्ट्रिज न मिळणारे प्रिंटर, मेलेले यूपीएस. प्रत्येक वस्तू देताना कुणीतरी फोटो काढलेला असतो. फेकायची म्हटलं तर देणारा कधी विचारेल याची धास्ती. ताई तुम्हाला 'नको' म्हणाल्या, म्हणजे तुम्ही ऐकून घ्याल असं त्यांना वाटलं.

आता तो फॉरमॅट. मी तो पाहिलेला नाही, पण त्याच्या जातीचे बरेच पाहिलेत. पाड्याचं नाव, पटसंख्या, उद्दिष्ट, साध्य, तफावत, तफावतीचं कारण, सुधारात्मक कृती, जबाबदार व्यक्ती, अंतिम तारीख. बरोबर? जानेवारीच्या ओळीत तिथला कार्यकर्ता काय लिहिणार? भात-नागली घरात आली की पेठ-सुरगाण्याची निम्मी घरं कामासाठी खाली उतरतात. कुणी गिरणारेच्या नाक्यावर उभं राहतं, कुणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मुक्कामालाच जातं. धाकटी पोरं आईबरोबर जातात, मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला जाते. 'तफावत' तीस मुलं. 'सुधारात्मक कृती'? 'जबाबदार व्यक्ती'? असा कागद भरण्यापेक्षा माणूस तो बाजूला ठेवतो.

शॉप फ्लोअरवर तुम्ही लोक 'गेंबा, गेंबा' करत फिरायचात ना, जागेवर जाऊन बघा म्हणून? तेच करा. सुट्टीच्या दिवशी पाहुणे म्हणून जाऊ नका. कामाच्या दिवशी, जीपच्या मागच्या सीटवर बसून जा. वर्गात भाषण नको. मुलांचे फोटोही नकोत, ते कुणाच्या ग्रुपवर जायला नकोत. कुठल्याही मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, संस्थेचं कुणीतरी सोबत हवंच. हे तुमच्यावरच्या अविश्वासापोटी सांगत नाही, कुठलीही नीट संस्था हे सांगेलच.

परदेशातल्या काही मोठ्या कंपन्यांमध्ये एक पद्धत आहे, ती मला आवडते. कर्मचाऱ्याने किंवा निवृत्त माणसाने एखाद्या स्थानिक संस्थेत ठरावीक तास काम केलं की कंपनी त्या तासांच्या मागे एक छोटी देणगी त्या संस्थेला देते. तुमच्यामागे कंपनी नाही, पण नियम उसना घ्यायला काय हरकत आहे? आपल्यातल्या कुणी सहा महिने जिथे नेमाने काम केलंय, तिथेच आपले पैसे जातील, असं ठरवून टाका. मग 'चांगली संस्था कुठली' यावर चहाच्या टेबलावर वाद घालावा लागणार नाही. जो जाऊन आलाय तो सांगेल. तरीही नवीन संस्था धरताना तीन कागद मागायला लाजू नका : धर्मादाय कार्यालयाचं नोंदणीपत्र, गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट आणि विश्वस्तांची आजची यादी. चांगली संस्था हे कागद मागितल्यावर चिडत नाही.

काम काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. तुमच्या मनात शिकवणं असेल. निवृत्त माणसाला आधी शिकवणंच सुचतं. पण संस्था अडतात ऑफिसात. उदाहरण देते. एखादे विश्वस्त वारतात, नवीन विश्वस्त येतात. हा बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवायचा असतो, त्यालाच सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. गडबडीत राहून जातं. दोन-तीन वर्षांनी बँक केवायसी मागते आणि म्हणते, परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा आणा. उताऱ्यावर वारलेल्या गृहस्थांचं नाव. सही बदलत नाही, खातं अडकतं, कार्यकर्त्यांचे पगार थांबतात. जुने चेंज रिपोर्ट एकेक करून मार्गी लावायचे म्हणजे ठरावांच्या नकला, संमतिपत्रं, मृत्यूचा दाखला, वकिलाकडे खेटे. हे सगळं करायला पेठहून नाशिकला येणाऱ्या माणसाचा प्रत्येक वेळी एक दिवस मोडतो. तुमच्यातला पर्सोनेल किंवा सेक्रेटेरियलमधून रिटायर झालेला माणूस नाशिकमध्येच राहतो. त्याला तारखा सांभाळायची सवय आहे, आणि खरं सांगायचं तर कार्यालयाच्या बाकड्यावर बसायला वेळही आहे.

अकाउंट्सवाला असेल तर सोन्याहून पिवळं. ताईंचा हिशेबनीस कदाचित मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करणारा तालुक्यातलाच मुलगा किंवा मुलगी असेल. त्याच्या शेजारी आठवड्यातून एक दिवस बसा. व्हाउचर लावायला, बँकेचा मेळ घालायला, ऑडिटरपुढे न घाबरता बसायला शिकवा. त्याच्या खुर्चीत मात्र बसू नका. तुम्ही दोन वर्षांनी पुण्याला नातवाकडे जाल, तो तिथेच असणार आहे. मेंटेनन्सवाल्याला जीप, पाण्याची मोटर आणि सोलरचे दिवे दाखवा. परचेसवाला टायरचा भाव करेल. स्टोअर्सवाल्याला ते सामानघर द्या आणि काय फेकायचं याचा अधिकारही द्या, संस्थेच्या लेखी परवानगीने.

ज्यांचे गुडघे घाटाला नको म्हणतात, त्यांना शहरात कामं कमी नाहीत. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून हवी असतात. फोनवर रेकॉर्ड करून दिलीत तरी चालतं. परीक्षेला लेखनिक म्हणून मात्र तुमच्यातल्या इंजिनिअरांना सहसा बसता यायचं नाही, कारण लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. तिथे नात उपयोगी पडेल.

आता चहाला न थांबणारे ते दोघे. पत्रात तुम्ही त्यांना एका वाक्यात उरकलंय, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

काका, महिना हजार रुपये ही रक्कम कुणी ठरवली? तुमची ग्रॅच्युइटी, पीएफ आणि बाकी गुंतवणूक एका बाजूला. ऑपरेटर म्हणून रिटायर झालेल्याला ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन. २०१४ मध्ये तिची किमान रक्कम ठरली ती महिना १,००० रुपये. हिशेबाला धरायच्या पगाराची मर्यादा त्याच वर्षी १५,००० झाली, त्याआधी ती ६,५०० होती. उभं आयुष्य लाइनवर काढलेल्या माणसाच्या हातात त्यामुळे काय पडत असेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यातून दर महिन्याला हजार. पहिलं वर्ष त्यांनी दिले असतील, कदाचित घरात न सांगता. मग एक महिना चुकला असेल, ग्रुपवर यादी पडली असेल, नावापुढे रकाना रिकामा. चहाला न थांबायला एवढं पुरतं. आणि ट्रॅकवरही ते तुम्हाला 'साहेब'च म्हणतात ना?

वर्गणी आजपासून बंद करा. ज्याला जे द्यायचं ते त्याने थेट संस्थेच्या खात्यात भरावं, कुणी किती दिले ते कुणाला कळू नये. हे त्या दोघांना सांगायला ग्रुपवर मेसेज टाकू नका, तुम्ही एकटे जा. आणि माफी मागत बसू नका, काम सांगा. जीपचा क्लच, मोटरचं बेअरिंग, शाळेच्या खिडक्यांचे बिजागर – यातलं तुम्हाला किंवा मला काय येतं? त्यांना येतं. संस्थेच्या दृष्टीने तुमच्या चौदा जणांत सगळ्यात मोलाचे ते दोघे ठरण्याची शक्यता बरीच आहे.

स्वतःचा ट्रस्ट? नको. मनापासून सांगते, नको. दरवर्षी हिशेब, ऑडिट, आयकराचं विवरण, आणि वर सांगितलेले चेंज रिपोर्ट. तुमच्या ग्रुपचं सरासरी वय काय? चौदा विश्वस्तांचा ट्रस्ट काढलात तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चेंज रिपोर्टच भरत बसाल. रागावू नका, हिशेबच तसा आहे. नाशिकला आणखी एका संस्थेची गरज नाही, असलेल्या संस्थांना माणसांची आहे.

मित्राच्या बचत खात्यात पैसे जमवणंही थांबवा. तो कितीही सचोटीचा असो. उद्या त्याला काही झालं तर बँकेच्या लेखी ते पैसे त्याचे, पुढे त्याच्या वारसांचे. आणि त्या घरात सुतक असताना तुमच्यापैकी कोण जाऊन सांगणार आहे की त्यातले १ लाख ६० हजार आमचे? शिवाय सोसायटीत पावतीपुस्तक घेऊन फिरायचा बेत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली आधी रीतसर अर्ज करावा लागतो. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच परवानगी.

मग शिल्लक रकमेचं काय? माझं मत विचाराल तर सगळी ताईंच्या संस्थेला द्या. दोन वर्षांची ओळख आहे आणि गरज त्यांनी तोंडाने सांगितली आहे. हिशेबनिसाच्या पगारासाठी महिना १० हजारांप्रमाणे वर्षाचे १ लाख २० हजार, आणि डिझेल-टायरला उरलेले ४० हजार. एकरकमी, बँकेतून. सोबतच्या पत्रात तसं साध्या शब्दांत लिहा, आणि खाली एक ओळ घाला : परिस्थितीनुसार रक्कम इकडची तिकडे वापरायला आमची हरकत नाही. फक्त 'कॉर्पस' किंवा 'कायम निधी' हे शब्द चुकूनही लिहू नका. भारदस्त वाटतात म्हणून बरेच जण लिहितात. मग ते पैसे गुंतवून ठेवावे लागतात आणि जीप तिथेच उभी राहते. आढावा हवा असेल तर वर्षाअखेरीस ऑडिट रिपोर्टची प्रत मागा. ती त्यांना कशीही करावीच लागते.

करसवलतीबद्दल थोडक्यात. ८०जी म्हणून आपण ओळखतो ती सवलत जुन्या करप्रणालीत आहे, नव्या प्रणालीत नाही. तुमच्यापैकी बहुतेक जण नव्या प्रणालीत असतील, तर त्यासाठी संस्थेला फोन करकरून दमवू नका. साधी पावती मात्र घ्या. जुन्या प्रणालीत असाल तर २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, आणि वस्तुरूपाने दिलेल्या दानाला सवलत मिळत नाही हेही लक्षात असू द्या. तुमच्या लॅपटॉपची मिळाली नसणारच.

अमेरिकेतल्या मुलाला एकच प्रश्न विचारायला सांगा : पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर तो आपल्या कमाईतून नेहमीच्या बँकिंग मार्गाने सरळ संस्थेला देऊ शकतो, ती परकीय देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड का असेना, ते पैसे परकीय ठरतात. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेलाच ते घेता येतात, तेही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान संस्थेकडे ही नोंदणी सहसा नसते. 'मग बाबांच्या खात्यात पाठवतो, ते देतील' हा मार्ग काढू नका. चौकशी झाली तर तुमच्या मित्रापेक्षा ताईंना जास्त भोगावं लागेल. मुलगा सुट्टीत आला की त्याला दोन दिवस पेठला न्या, त्याला कुठलाही कायदा आड येत नाही.

जुन्या कंपनीच्या सीएसआरकडे शब्द टाकावा का? टाका, पण ताईंना आधी आशा लावू नका. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करण्याचं बंधन मोठ्या कंपन्यांवरच असतं, अंबडच्या तुमच्या लहान व्हेंडरांवर सहसा नसतं. संस्थेची सीएसआर-१, म्हणजे असे पैसे घेण्यासाठी लागणारी, नोंदणी झालेली हवी. ती करून देणं हे तुमच्या सेक्रेटेरियलवाल्याचं आणखी एक काम. गेटच्या आत ओळख करून द्यायची, पुढचं त्यांच्यावर सोडायचं.

पत्राच्या शेवटी वेगळ्या अक्षरात एक ताजा कलम आहे. तो काकूंनी तुमच्या नकळत घातला असावा असं दिसतं, तेव्हा छापावा की नाही असा प्रश्न पडला होता. पण त्यांनी खाली 'छापा' असंही लिहिलंय : "मी राष्ट्रीयीकृत बँकेत ऑफिसर होते. ट्रॅकवर मीही चालते. या ग्रुपमध्ये मला कुणी घेतलं नाही."

काकू, तुम्ही ग्रुपची वाट बघू नका. संस्थेच्या खात्याचं केवायसी, सह्यांचे अधिकार, मुदत ठेवींच्या तारखा, यातलं काय अडलंय ते ताईंना फोन करून विचारा. नंबर काकांच्या मोबाइलमध्ये आहे.